गाळलेले पान : लँगस्टन ह्यूज लहान मुलांपर्यंत कसे पोहोचले?

जयंतीच्या दिवसांत आपल्या वस्त्यांमध्ये सकाळपासून वामनदादा कर्डकांची गाणी वाजत असतात. चार वर्षांचे पोरसुद्धा त्या चालींवर ठेका धरते. पण वामनदादा कोण होते, कुठल्या गावचे, लहानपणी काय करत होते, अक्षरे कधी शिकले, हे त्या पोराला सांगायचे म्हटले तर आपल्या हाती काय असते? एक फोटो, एक हार आणि एक भाषण. भाषण मोठ्यांसाठी असते. पोर तोवर मांडवामागे खेळायला निघून गेलेले असते.

मूल शाळेत जाण्याआधीच जग शिकू लागते. समाजशास्त्र याला सामाजिकीकरण म्हणते. गोष्टी, चित्रे, कार्टून, सणवार यांतून कोण नायक, कोण नोकर, कोण देव आणि कोण राक्षस याची यादी त्याच्या डोक्यात तयार होत जाते. आपण मात्र आपल्या माणसांची ओळख करून द्यायला पाठ्यपुस्तकातल्या एखाद्या धड्याची वाट पाहतो. तो धडा येईपर्यंत डोक्यातली जागा भरून गेलेली असते.

हाच प्रश्न शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय समाजापुढे उभा राहिला होता. त्यांनी उत्तर कसे शोधले, त्यासाठी किती पिढ्या राबल्या आणि एवढे करूनही काय गाळले गेले, हा इतिहास आंबेडकरी कार्यकर्त्यांनी नीट वाचला पाहिजे. आपण तो एका कवीच्या निमित्ताने वाचू. कवीचे नाव लँगस्टन ह्यूज.

बाबासाहेबांच्या विद्यापीठातला कवी

ह्यूज यांचा जन्म मिसूरी राज्यातल्या जॉप्लिन गावचा, विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीचा. आईवडील वेगळे झाले, वडील मेक्सिकोला निघून गेले, आई कामाच्या शोधात गावोगाव फिरत राहिली. मूल वाढले ते कॅन्सस राज्यातल्या लॉरेन्स गावी, आजी मेरी लँगस्टन यांच्याकडे. या आजीचे पहिले पती लुईस शेरिडन लिअरी १८५९ साली जॉन ब्राऊन यांच्यासोबत हार्पर्स फेरीच्या शस्त्रागारावर चालून गेले होते. गुलामगिरी मोडण्यासाठी झालेल्या त्या उठावात ते मारले गेले. म्हणजे ज्या मांडीवर बसून हा मुलगा गोष्टी ऐकत होता, ती एका लढवय्याच्या विधवेची मांडी होती. तिच्या गोष्टींत राजे नव्हते, पऱ्या नव्हत्या. गुलामगिरीविरुद्ध उभी राहिलेली माणसे होती.

१९२१ साली ह्यूज न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेले. वसतिगृहाची खोली त्यांनी मेक्सिकोहून पत्राने राखून ठेवली होती. पत्रातून कातडीचा रंग दिसत नाही. प्रत्यक्ष दारात उभे राहिल्यावर मात्र कारकुनांची चलबिचल सुरू झाली. अखेर खोली मिळाली ती हार्टली हॉलमध्ये. आठ वर्षांपूर्वी, १९१३ साली, बाबासाहेब कोलंबियात पोहोचले तेव्हा त्यांचाही पहिला मुक्काम थोड्या दिवसांसाठी याच हार्टली हॉलमध्ये होता. बाबासाहेबांनी तिथले शिक्षण पुरे केले. ह्यूज तिथल्या वर्णभेदी वातावरणाला कंटाळून वर्षभरातच बाहेर पडले आणि शेजारच्या हार्लेमचे कवी झाले.

पण कवी म्हणून त्यांची देशभर ओळख व्हायला सुरुवात झाली ती कोलंबियाच्या आधी, आणि तीही मुलांच्या एका मासिकातून.

सूर्याच्या मुलांचे मासिक

त्या मासिकाचे नाव ‘द ब्राउनीज बुक’. जानेवारी १९२० ते डिसेंबर १९२१ असे त्याचे २४ अंक निघाले. एका अंकाची किंमत १५ सेंट. काढणारे तिघे : डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस, जेसी फॉसेट आणि ऑगस्टस डिल. डू बॉइस हे नाव आपल्याला परके नाही. जुलै १९४६ मध्ये बाबासाहेबांनी त्यांना पत्र लिहिले होते. अस्पृश्यांची आणि निग्रोंची स्थिती सारखीच असल्यामुळे आपण या प्रश्नाचा अभ्यास करत आलो आहोत, असे त्यात कळवले होते आणि संयुक्त राष्ट्रांकडे जाणाऱ्या निग्रोंच्या निवेदनाची प्रत मागितली होती. डू बॉइस यांनी त्याच महिन्यात उत्तरही दिले. हा पत्रव्यवहार आपण अभिमानाने सांगतो. त्याच डू बॉइस यांना सहा वर्षांच्या मुलांसाठी मासिक काढावेसे का वाटले, हे मात्र आपण विचारत नाही.

कारण त्यांनी स्वतःच सांगून ठेवले आहे. ‘द क्रायसिस’ या आपल्या मासिकाचा एक अंक ते दरवर्षी मुलांसाठी काढत. पण त्याच ‘क्रायसिस’मध्ये कृष्णवर्णीयांना जमावाने ठार मारल्याच्या बातम्याही छापाव्या लागत. १९१९ साली तर अमेरिकेत ठिकठिकाणी वांशिक हल्ले झाले होते. अशात एका बारा वर्षांच्या मुलीचे पत्र आले. गोऱ्यांचा आपल्याला मनापासून द्वेष वाटतो, असे तिने लिहिले होते. डू बॉइस हादरले. मुलांपासून सत्य लपवायचे तर ती आंधळी वाढणार, उघडेनागडे सांगायचे तर आत फक्त द्वेष आणि भीती साठणार. या पेचातून वाट काढण्यासाठी ‘ब्राउनीज बुक’ जन्माला आले. त्यात कविता होत्या, खेळ होते, कृष्णवर्णीय मुलांचे फोटो होते आणि त्यांच्या समाजातल्या कर्तबगार स्त्रीपुरुषांची चरित्रे होती. सूर्याच्या मुलांसाठी, असे ते आपल्या वाचकांना म्हणत.

जानेवारी १९२१च्या अंकात जेसी फॉसेट यांनी एका अनोळखी तरुणाच्या कविता छापल्या. तो तरुण म्हणजे ह्यूज. त्याच वर्षी जूनमध्ये ‘क्रायसिस’ने त्यांची नद्यांवरची ती प्रसिद्ध कविता छापली, आणि पुढे पुस्तकात घेताना ह्यूज यांनी ती डू बॉइस यांना अर्पण केली. मुलांसाठी काढलेल्या मासिकाने एका समाजाला त्याचा कवी मिळवून दिला. ‘पोराटोरांचे काम’ म्हणून बालसाहित्याकडे पाहणाऱ्या आपल्या कार्यकर्त्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी.

पाच हजार पुस्तकांतली ३४९

मासिक दोन वर्षांत बंद पडले. पुढची चाळीस वर्षे हा लढा वाचनालयांतून चालला. हार्लेममध्ये १३५व्या रस्त्यावरच्या वाचनालयात ऑगस्टा बेकर नावाच्या कृष्णवर्णीय ग्रंथपाल होत्या. कृष्णवर्णीयांची टिंगल करणारी पुस्तके बाजूला काढणे, माणूस म्हणून त्यांना दाखवणारी शोधून शोधून जमवणे आणि त्यांच्या याद्या करणे, हे काम त्यांनी १९३०च्या दशकाच्या शेवटापासून केले. या कामाला ना मोर्चा होता, ना घोषणा. पण चळवळच होती ती.

१९६५ साली नॅन्सी लॅरिक यांनी ‘सॅटरडे रिव्ह्यू’मध्ये एक लेख लिहिला. १९६२ ते १९६४ या तीन वर्षांत निघालेली ५,२०६ बालपुस्तके त्यांनी हिशेबात घेतली. त्यांतल्या फक्त ३४९ पुस्तकांत, म्हणजे ६.७ टक्क्यांत, एखादी तरी कृष्णवर्णीय व्यक्ती होती. चित्रात मागे कुठेतरी उभी असली तरी ती या आकड्यात धरलेली आहे. लेखाची सुरुवातच एका पाच वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलीच्या प्रश्नाने होते. पुस्तकातली मुले नेहमी गोरीच का असतात, असे तिने बालवाडीत विचारले होते.

आपल्याकडे अशी मोजणी कोणी करील का? गेल्या तीन वर्षांतली मराठी चित्रपुस्तके समोर मांडा. किती घरांच्या भिंतीवर बुद्ध किंवा बाबासाहेब आहेत? किती मुलांची आई सफाई कामगार आहे? आकडा आम्ही सांगत नाही. तुमच्या घरातले फडताळ तुम्हीच मोजा.

१९६९ साली ग्रंथपालांनीच पुढाकार घेऊन कोरेटा स्कॉट किंग यांच्या नावाने बालसाहित्याचा पुरस्कार सुरू केला. पहिला पुरस्कार १९७० साली मार्टिन ल्यूथर किंग यांच्या बालचरित्राला मिळाला. १९७४ पासून चित्रकारांचाही स्वतंत्र सन्मान होऊ लागला. मासिक, वाचनालय, मोजणी, पुरस्कार अशी पायरीपायरीने वाट बांधली गेली. तेव्हा कुठे लहान मुलांच्या हातात ह्यूज यांचे आयुष्य रंगीत चित्रांतून येऊ लागले.

चित्रांतले लँगस्टन

१९९४ साली फ्लॉइड कूपर यांचे ‘कमिंग होम’ आले. कूपर स्वतः कृष्णवर्णीय चित्रकार. आधी पुठ्ठ्यावर तेलरंगाचा पातळ थर द्यायचा आणि मग खोडरबराने रंग उचलत उचलत चित्र बाहेर काढायचे, ही त्यांची पद्धत. पुस्तकात आईची वाट पाहणारा एकटा मुलगा आहे आणि त्याला वीरांच्या गोष्टी सांगणारी आजी आहे. गरिबी आहे, पण कीव नाही.

२००२ साली दोन पुस्तके आली. विली पर्डोमो यांच्या ‘व्हिजिटिंग लँगस्टन’मध्ये एक छोटी मुलगी वडिलांचे बोट धरून कवीचे हार्लेममधले घर पाहायला निघते. तीही कविता लिहिते. ब्रायन कॉलियर यांनी त्याची चित्रे केली. टोनी मदीना यांच्या ‘लव्ह टू लँगस्टन’मध्ये कवीचे सारे आयुष्य त्याच्याच तोंडून, छोट्या कवितांमधून सांगितले आहे. चित्रे आर. ग्रेगरी ख्रिस्टी यांची. २००४ साली रॉबर्ट बर्ली यांचे ‘लँगस्टन्स ट्रेन राइड’ निघाले. १९२० साली वडिलांना भेटायला मेक्सिकोला जाताना, आगगाडी मिसिसिपी नदीवरून जात असताना नद्यांची कविता कशी सुचली, एवढीच त्याची गोष्ट.

यांतला मदीना यांच्या पुस्तकातला एक प्रसंग आमच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. लॉरेन्सच्या शाळेत सातवीत असताना बाईंनी कृष्णवर्णीय मुलांना वेगळ्या रांगेत बसवले. ह्यूज यांनी पुठ्ठ्याचे तुकडे घेऊन त्यांवर ‘जिम क्रो रांग’ असे लिहिले आणि ते त्या रांगेतल्या बाकांवर ठेवले. जिम क्रो म्हणजे वर्णभेदाच्या कायद्यांना आणि रीतींना पडलेले नाव. बाई ज्याला नुसती बसण्याची व्यवस्था म्हणत होत्या, तिला या पोराने तिच्या खऱ्या नावाने हाक मारली. शाळेने त्याला काढून टाकले. मग समाजातल्या मोठ्या माणसांनी दाद मागितली आणि त्याला परत घ्यावे लागले.

ही गोष्ट आम्ही विहारातल्या रविवारच्या वर्गात मराठीत सांगितली. ‘त्याच्यासाठी कोणी भांडलं का?’ असा पहिला प्रश्न पहिलीतल्या मुलीचा होता. दुसरा प्रश्न, ‘बाकीच्यांनी पण पाट्या लावल्या का?’ कोणी रडले नाही, कोणी घाबरले नाही. मुलांना अन्यायाची गोष्ट झेपते. ज्या गोष्टीत अन्याय करणाऱ्याला नाव नसते आणि सोसणाऱ्याला हातपाय नसतात, ती त्यांना झेपत नाही.

गाळण्याचे दोन प्रकार

आता या इतिहासातले सर्वांत अवघड पान. १९५४ साली ह्यूज यांनी मुलांसाठी कर्तबगार अमेरिकन निग्रोंची चरित्रे लिहिली. त्यात कवयित्री फिलिस व्हीटली आहेत, फ्रेडरिक डग्लस आहेत, हॅरिएट टबमन आहेत, बेसबॉलपटू जॅकी रॉबिन्सनसुद्धा आहेत. डू बॉइस नाहीत! ज्यांच्या मासिकाने त्यांना पहिल्यांदा छापले, ज्यांना त्यांनी आपली कविता अर्पण केली, तेच नाहीत. वर्षभर आधी, मार्च १९५३ मध्ये, ह्यूज यांना मॅकार्थी यांच्या समितीपुढे साक्षीला उभे केले होते. १९३०च्या दशकातल्या त्यांच्या डाव्या कविता आणि सोव्हिएत प्रवास त्यांच्यावर उलटले होते. डू बॉइस यांच्यावर तर १९५१ साली परकी हस्तक असल्याचा खटलाच भरला गेला होता. ते निर्दोष सुटले, पण सरकारच्या डोळ्यांत सलत राहिले. अशा काळात मुलांच्या पुस्तकातून कोणते नाव गळणार हे उघड होते.

दोष एकट्या ह्यूज यांना देऊन मोकळे होणे सोपे आहे. आम्हाला त्यात दिसते ते असे की, मुलांचे पुस्तक निरुपद्रवी असते असे मानणारी आपण भाबडी माणसे. सत्तेला ते कधीच तसे वाटत नाही. कुठले पान गाळायचे हे तिला बरोबर कळते. आणि गंमत पाहा, पुढे ह्यूज यांच्यावर निघालेली ‘कमिंग होम’ किंवा ‘लँगस्टन्स ट्रेन राइड’ ही पुस्तके बालपणावर किंवा एका प्रवासावर बेतलेली असल्यामुळे १९५३ची चौकशी त्यांतही येत नाही. पाच वर्षांच्या मुलाला ती सांगायलाच हवी असा आमचा हट्ट नाही. पण कवीचे फक्त बालपणच सांगत राहिलो तर कवी कायम गोंडस राहतो, धोकादायक कधी होतच नाही, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

गाळण्याचा पहिला प्रकार म्हणजे अन्याय पुसून हसू ठेवायचे. जानेवारी २०१६ मध्ये स्कोलॅस्टिक या मोठ्या प्रकाशनाने जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या गुलाम स्वयंपाक्यावरचे चित्रपुस्तक काढले. त्यात धन्यासाठी केक करणारे गुलाम आनंदाने हसत होते. वाचकांनी एवढा विरोध केला की प्रकाशनाने दोन आठवड्यांच्या आत ते मागे घेतले.

आपल्याकडे याची जुळी बहीण म्हणजे चमत्कार. चोखामेळ्यांची गोष्ट मुलांना कशी सांगतात? त्यांच्या हाडांतून विठ्ठलनाम ऐकू आले म्हणून नामदेवांनी ती ओळखली, अशी. पण ती हाडे ढिगाऱ्याखाली का होती? मंगळवेढ्याचे गावकूस बांधण्याच्या कामावर असताना ते कोसळले आणि त्याखाली मजूर गाडले गेले, म्हणून. समाधी देवळाच्या बाहेर, पायरीशी का? कारण जिवंतपणी आत प्रवेश नव्हता, आणि त्यांच्या माणसांना तो मिळायला १९४७ साल उजाडावे लागले. बाबासाहेबांनी १९४८ साली ‘द अनटचेबल्स’ हा ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांच्या स्मृतीला अर्पण केला, तो चमत्कारासाठी नव्हे. चमत्काराचे चित्र रंगवले की बांधकाम, जात आणि बंद दार ही तिन्ही पाने आपोआप गळतात.

दुसरा प्रकार अगदी उलटा, आणि तो आपण स्वतः करतो. दुःख ठेवायचे आणि कवी गाळायचा. सावित्रीमाईंच्या अंगावर शेण फेकले जात असल्याचे चित्र आपल्या प्रत्येक मुलाने पाहिलेले आहे. पण १८५४ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी, ‘काव्यफुले’ हा संग्रह छापणारी कवयित्री किती मुलांना माहीत आहे? टेबलाशी बसून ओळ खोडणारी, पुन्हा लिहिणारी सावित्रीबाई कुठल्या चित्रात आहे? फक्त सोसणारी माणसे पाहून मूल हळहळते. विचार करणारी माणसे पाहून त्याला आपणही असे करावे असे वाटते. हळहळ आणि प्रेरणा यांत हाच फरक आहे.

एवढ्या लहान वयात जात कशाला?

असा प्रश्न आपल्याच घरातून येतो. मुलाला आत्ताच कडू कशाला पाजायचे? प्रश्न प्रेमापोटी येतो, हे खरे. पण टोपेका गावी ह्यूज यांना पहिलीत घालताना गोऱ्यांच्या शाळेच्या मुख्याध्यापकांनी नाकारले तेव्हा ते किती वर्षांचे होते? जेमतेम सहा. आईने शाळा मंडळापुढे जाऊन भांडून प्रवेश मिळवला. भीमराव साताऱ्याच्या शाळेत घरून आणलेल्या गोणपाटावर बसत तेव्हा तेही लहान मूलच होते. जे सहाव्या वर्षी सोसायला लागते, ते सहाव्या वर्षी ऐकायला लहान कसे? जात आपण सांगितली नाही म्हणून मुलाला कळायची थांबत नाही. ती त्याला दुसरे कोणीतरी, दुसऱ्या शब्दांत सांगते. पहिल्यांदा ती आपल्या मांडीवर, आपल्या शब्दांत आणि तिच्याशी लढलेल्या माणसासकट कळावी, एवढेच आपल्या हातात आहे.

मग करायचे काय? २०११ साली दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या परधान गोंड चित्रकार दांपत्याने ‘भीमायन’ चितारले आणि बाबासाहेबांचे आयुष्य चित्रांतून किती ताकदीने सांगता येते हे जगाला दिसले. पण ते थोड्या मोठ्या वाचकांसाठी आहे. चार ते आठ वर्षांच्या मुलांसाठी सोळा पानांचे पुस्तक पुरते. त्याला मोठे प्रकाशन लागत नाही. वस्तीतला फलक रंगवणारा चित्रकार, एक लिहिणारा आणि एक झेरॉक्सवाला एवढे लोक एकत्र आले की काम सुरू होते.

सुरुवात वामनदादांपासून करू. १५ ऑगस्ट १९२२ रोजी सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत जन्मलेला मुलगा. मुंबईच्या चाळीत कोणीतरी पत्र वाचून दाखवायला दिले आणि वाचता येईना, तो दिवस. मग एका मास्तरांकडून अक्षरे गिरवणे, रस्त्यावरच्या पाट्या वाचत जाणे आणि पुढे गावोगाव बाबासाहेबांचा विचार गाणे. चित्रपुस्तकाला याहून चांगली गोष्ट कुठली हवी? फक्त एक पान गाळायचे नाही. या माणसाला तोवर वाचता का येत नव्हते, ते पान.

आणि पुस्तक झाले की तीन प्रश्न विचारू. अन्याय कोणी केला हे चित्रात दिसते का? कवी विचार करताना, लिहिताना, शिकताना दिसतो का? त्याच्या बाजूने उभी राहिलेली माणसे दिसतात का? तिन्हींची उत्तरे ‘हो’ असतील तर ते पुस्तक आपले.

डू बॉइस यांच्या मासिकापासून कूपर यांच्या पुस्तकापर्यंत ७४ वर्षे लागली. आपल्याला तितकी वाट पाहण्याचे कारण नाही, कारण वाट कशी बांधायची हे आता आपल्याला माहीत आहे. येत्या जयंतीच्या वर्गणीतून स्पीकरचा एक बॉक्स कमी करा आणि सोळा पाने छापा. पोर मांडवामागे पळून जाणार नाही. ते मांडीवर बसून पान उलटेल आणि विचारेल, ‘मग पुढे काय झालं?’

जय भीम!